बटन अर्धं दाबताना

वस्तू हातात आली की आधी तिच्यावर संशय घ्यायचा, ही माझी जुनी खोड. चप्पल मी घेण्याआधी वाकवून बघते, मिक्सरचं भांडं दुकानातच उलटं करते, छत्री इतक्यांदा उघडबंद करते की दुकानदार कपाळाला हात लावतो. माझं लग्न जमलं नाही त्याचं कारणही हेच, असं आई म्हणते. स्थळ आलं तरी मी त्याला उलटंपालटं करूनच बघायचे म्हणे. अशा बाईने कॅमेरा घ्यायला जाणं म्हणजे त्या दुकानदाराची साडेसातीच. तर तो कॅमेरा मी नीट पारखून घेतला आणि त्यात काही खोट निघाली नाही. खोट निघाली ती आईच्या हातात, आणि तीही त्या कॅमेऱ्यामुळेच कळली. तिचा हात राहतो की जातो, एवढ्यावर गोष्ट येऊन ठेपली होती, आणि आम्ही दोघी एका बटनावरून वाद घालत बसलो होतो.

मी सुरतेतल्या कापड मार्केटमध्ये एका शेठकडे साड्यांचे फोटो काढते. ते फोटो बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना मोबाईलवर जातात, फोटो बघून ते माल मागवतात. पूर्वी मी हे काम मोबाईलवरच करायचे. पण मोबाईल हल्ली फार शहाणा झालाय. समोर काय आहे ते दाखवायचं सोडून तो स्वतःची अक्कल चालवतो. मरून साडी लाल करतो, राणी रंग भडक करतो, आणि रामा, म्हणजे तो मोरपंखी हिरवा, तो तर सरळ निळाच करून टाकतो. मग व्यापारी माल परत पाठवतात आणि शेठ माझ्याकडे असं बघतात जणू तो मीच रंगवलाय. शेवटी मी वैतागले आणि ठरवलं, एक छोटासा डिजिटल कॅमेरा घ्यायचा, जुना चालेल, पण जे आहे ते दाखवणारा.

स्टेशनकडच्या एका गल्लीत वापरलेले कॅमेरे विकणारं दुकान आहे. कॉलेजच्या पोरापोरींना हे जुने कॅमेरे पुन्हा आवडायला लागलेत, त्यामुळे दुकानात गर्दी होती. मालक म्हातारे गुजराती गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवलेला. मी काचेच्या कपाटातले कॅमेरे एकेक करून काढायला लावले. एक हातात घेतला तर रिकाम्या साबणदाणीसारखा हलका. दोन्ही बाजूंनी जरा पिळला तर कर्र वाजला. नको. दुसऱ्याचं बॅटरीचं झाकण सैल, बोटाने आपटून बंद करावं लागायचं. तिसऱ्याच्या स्क्रूंची तोंडं खरचटलेली होती, म्हणजे कुणीतरी तो उघडून आत ढवळाढवळ केलेली. चौथा चालू केला, भिंग पुढे आलं, मी ते दोन बोटांत धरून हळूच हलवलं आणि ते पडायला आलेल्या दातासारखं डुगडुगलं.

मग एक काळा, धातूच्या अंगाचा मिळाला. हातात घेताच वजन जाणवलं. पिळून बघितला, आवाज नाही. वरची चकती फिरवली, प्रत्येक खुणेवर नीट बसत होती. उजव्या हाताला जिथे बोटं येतात तिथे रबराची पट्टी, काडेपेटीच्या काडी ओढायच्या बाजूसारखी खरखरीत, घामाने हात निसटू नये म्हणून. करंगळीला मात्र जागा नव्हती, ती खाली दुमडून घ्यावी लागायची. एवढ्याशा कॅमेऱ्यात तेवढं चालायचंच. शेवटी मी फोटोचं बटन तपासलं. ज्यांनी फक्त मोबाईलवर फोटो काढलेत त्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून सांगते. खऱ्या कॅमेऱ्याचं बटन दोन टप्प्यांत दाबतात. अर्धं दाबलं की बोटाला एक बारीकशी अडकण लागते. तिथे थांबायचं, कॅमेरा समोरच्या वस्तूवर नजर बसवतो, मग पुढे दाबायचं. ती अडकण डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. ती फक्त बोटाला कळते. मला ती छान स्वच्छ कळली आणि मी कॅमेरा घेतला.

घरी आले तेव्हा आई जमिनीवर बसून तूरडाळ निवडत होती. आम्ही नवागामला राहतो, दोन खोल्या आहेत. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते, ते गेल्यापासून आम्ही दोघीच. आई घरी साड्यांना स्टोन चिकटवायची. पदराच्या वेलबुट्टीवर गोंदाचा ठिपका द्यायचा आणि त्यावर एकेक चमकता खडा बसवायचा, असं ते काम. आमच्या गल्लीत निम्म्या बायका हेच करतात. खडा एका बाजूने सपाट असतो, एका बाजूने उंच. आई तो वाटीतून न बघता उचलायची आणि नेमका सुलटा ठेवायची, तेही माझ्याशी भांडता भांडता. तिच्या बोटांचं मला फार कौतुक होतं, अजूनही आहे.

पण गेल्या दिवाळीनंतर ते काम बंद पडलं होतं. साड्या आणून देणाऱ्या गुजराती बाई, ज्यांना आम्ही सगळे बेन म्हणतो, त्या आमच्या दारावरून जायच्या, थांबायच्या नाहीत. मी एकदा गाठून विचारलं तर रस्त्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "हमणां काम नथी." सध्या काम नाही. आणि शेजारच्या घरात तर त्यांच्याच साड्यांची गाठोडी पडलेली! माझं डोकं फिरलं होतं. आईने मला भांडू दिलं नाही. मंदी असेल, म्हणाली, होईल सुरू.

तर आईने पदराला हात पुसले आणि कॅमेरा घेतला. आईने वस्तू हातात घेतली की मी जरा सावरून उभी राहते, कारण माझी ही पारखायची खोड तिच्याकडूनच आलेली आहे. भांड्याला टिचकी मारून ते किती दिवस टिकेल ते सांगणारी बाई ती. तिने कॅमेऱ्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "कितलं गुयगुयीत शे व हाई!"

गुयगुयीत म्हणजे गुळगुळीत. आमच्या अहिराणीत ळ चा य होतो, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की तिची बोटं त्या खरखरीत रबरावर होती. मला वाटलं, ती पुढच्या धातूबद्दल बोलत असेल. उलट मी खूश झाले, पहिल्याच दमात पास केला म्हणून.

मग मी तिला बटन कसं दाबायचं ते दाखवलं. अर्धं दाब, अडकलं की थांब. तिने दाबलं, खटकन फोटो निघाला. पंख्याचा. परत दाबलं, माझ्या हनुवटीचा. परत दाबलं, तिच्याच गुडघ्याचा. "अगं थांब ना मधे," मी म्हणत होते आणि ती म्हणत होती, थांबू कुठे, अडकतच नाही. चार-दोनदा करून तिने कॅमेरा माझ्या हातात कोंबला. "खराब शे बटन. तुले फसाडं त्यानी. वापस दी टाक."

मी स्वतः दाबून बघितलं. मला अडकण लागत होती. पण आईला लागत नव्हती, आणि आईच्या बोटावर माझा माझ्या बोटापेक्षा जास्त भरवसा. मला वाटलं, दुकानात ठीक होतं पण रस्त्यात हादरे बसून सैल झालं असेल, आणि मला लागतंय ते नुसतं वाटतंय. अशी मी! जगात सगळ्यांवर संशय घेते आणि आईच्या एका बोलावर स्वतःच्या बोटाला खोटं पाडते.

दुसऱ्या दिवशी मार्केटमधून लवकर निघाले आणि दुकानदाराच्या काउंटरवर तो कॅमेरा ठेवून आवाज चढवला. खराब माल गळ्यात मारता, बाईमाणूस बघून फसवता, जे जे सुचलं ते सगळं. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. कॅमेरा उचलला, बटन अर्धं दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. बाजूला उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाच्या हातात दिला, त्यानेही बटन दाबून होकारार्थी मान हलवली. मग माझ्यापुढे केला. "तमे दबावो, बेन." मी दाबलं. "लाग्युं ने?" लागलं ना?

लागलं होतं. स्वच्छ लागलं होतं.

"कोणे कह्युं खराब छे?" कोण म्हणालं, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, असं मी सांगितलं, आणि वर तिच्या बोटांची थोडी तारीफही केली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "मम्मीने शुगर छे?" आईला शुगर आहे का? शुगरने बोटं बहिरी होतात, त्यांच्या बायकोची तशीच झाली होती. आधी तीही म्हणायची, बटनं सगळी खराब आहेत, म्हणाले.

लिंबायतमार्गे येणाऱ्या रिक्षात मी कोपऱ्यात बसून होते आणि एकेक गोष्ट मनात येत होती. आईच्या उजव्या अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग होता. तवा लागला, म्हणाली होती, पण कधी लागला ते तिला सांगता आलं नव्हतं. चहाचा कप हल्ली तिच्या हातून दोनदा निसटला होता. सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारायची, आणि मी समजत होते डोळे कमजोर झाले. शुगर तर शुगर, औषधाने आटोक्यात येते, असं स्वतःला समजावत घरी पोचले.

आईला म्हटलं, बस, एक खेळ खेळू. डोळे मिट. तिला हसू आलं, पण मिटले. मी कॅमेऱ्याची रबराची बाजू तिच्या बोटांना लावली, मग धातूची, मग पुन्हा रबराची, आणि विचारत गेले, खरखरीत की गुळगुळीत. ती अंदाजाने ठोकून देत होती, लहान पोरं पाढे चुकवून दडपून म्हणतात तशी. मग मी कॅमेरा मनगटाला लटकवायची दोरी तिच्या करंगळीवरून ओढली. एकदा, पुन्हा एकदा. तळहातापर्यंत ओढत नेली.

"लाव ना आते," आई डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली. "कितली वाट पाहू?"

मी दोरी खाली ठेवली. तिने डोळे उघडले आणि माझं तोंड बघून म्हणाली, "तू काबर घाबरनी? मन्हं हाई पित्त शे. डाक्तरनी सांगेल शे माले."

आईचं पित्त मला ठाऊक होतं. वर्षभर ती पित्त पित्त करत होती. ठेचा सोडला होता, वांगं सोडलं होतं, शेंगदाणे सोडले होते, सकाळचा चहासुद्धा अर्धा केला होता. खानदेशी बाईने ठेचा सोडायचा म्हणजे काय ते आमच्याकडच्यांनाच कळेल. पण पित्ताने कधी बोटं बहिरी होतात का? मी तसं म्हणाले. तेव्हा ती जरा ताठ बसली. आपलं दुखणं साधंसुधं नाही, त्याला मोठं नाव आहे, असं सांगताना माणूस बसतं तशी.

"साधं नही," ती म्हणाली. "रक्तपित्त."

आईने तो शब्द मराठीत ऐकला होता. मला तो गुजरातीत ऐकू आला.

माझं शिक्षण इथल्या गुजराती शाळेत झालं. शाळेत पाण्याच्या नळावरच्या भिंतीवर सरकारी पाटी रंगवलेली होती, पिवळ्या अक्षरांत. ओंजळीने पाणी पिताना मान वाकडी करून ती मी रोज वाचायचे. रक्तपित्त मटी शके छे. रक्तपित्त बरं होऊ शकतं. खाली एका माणसाचं चित्र, त्याच्या हाताची बोटं वाकडी, आखूड. गुजरातीत रक्तपित्त म्हणजे आंबट ढेकर नव्हे, अंगावर उठणाऱ्या गांधी नव्हेत. गुजरातीत रक्तपित्त म्हणजे महारोग.

मी आईला विचारत गेले आणि ती सांगत गेली, काही लपवण्यासारखं आहे असं तिला वाटतच नव्हतं. कोपराखाली एक फिकट चट्टा आला होता. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात ती आधी खोकल्यासाठी गेली होती, तिथल्या गुजराती डॉक्टरांनी तो पाहिला, रक्तपित्त असल्यासारखं वाटतं म्हणाले, मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले. पित्तासाठी कुणी मोठ्या दवाखान्यात रांग लावतं का? ती घरी आली आणि तिच्या आईने तिला शिकवलेला उपाय तिने सुरू केला. आमसूल भिजवायचं आणि ते पाणी चट्ट्यावर चोळायचं. रोज. बाही वर करून तिने मला चट्टा दाखवला. त्यावर एक केस नव्हता. भर उकाड्यात सगळा हात घामाने चिकट झालेला आणि तेवढी जागा कोरडी ठणठणीत. "बरं वाटस," ती म्हणाली. आग नाही, खाज नाही, म्हणजे आमसुलाचा गुण आला, असा तिचा हिशेब.

घरात माझ्याशी बोलताना ती नुसतं पित्त म्हणायची. मराठीत तेवढं पुरत होतं. पण गुजराती माणसांशी बोलताना आई शब्द नीट वापरते, आपल्याला कुणी अडाणी म्हणू नये म्हणून. त्यांना ती डॉक्टरांचा पूर्ण शब्द सांगायची.

"कुणाकुणाला सांगितलं?" मी विचारलं.

बेनना सांगितलं होतं, दिवाळीच्या सुमाराला. त्या उंबऱ्यावर बसून तयार साड्या मोजून घेत होत्या. आईने त्यांना सांगितलं की मला रक्तपित्त झालंय, हाताला पूर्वीसारखं लागत नाही, म्हणून या खेपेला दोन साड्यांना उशीर झाला. बेन उठूनच उभ्या राहिल्या. चहा तसाच ठेवला. "बिचारीनी माले आराम कराले सांगं," आई म्हणाली. इतकी मायाळू बाई, आजारी माणसाला त्रास नको म्हणून कामसुद्धा आणत नाही.

मला रडावं की ओरडावं ते कळेना. बेनचा राग आला, त्या दवाखान्यातल्या डॉक्टरचा आला, आमसुलाचा आला, आणि एका शब्दाचे दोन अर्थ ज्याने कुणी करून ठेवले असतील त्याचाही आला. आईला मात्र मी उद्या मोठ्या सरकारी दवाखान्यात हात दाखवून येऊ, एवढंच म्हटलं. कॅमेरा चांगला आहे, हेही सांगितलं. ते तिला पटलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने आईला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या बारीक तारेने बोटांना, तळव्याला, चट्ट्याला स्पर्श करत गेली. जिथे लागेल तिथे बोट ठेवून दाखवायचं होतं. आई बराच वेळ नुसती बसून राहायची. मग डॉक्टरने आईच्या कोपराच्या आतल्या बाजूला शीर चाचपली. ती जाड झाली होती. चामडीचा नमुना घेतला. माझ्याशी ती गुजरातीत बोलली. औषध इथेच फुकट मिळेल, पूर्ण घ्यायचं, एकही दिवस चुकवायचं नाही. औषध सुरू झालं की दुसऱ्या कुणाला लागण होण्याची भीती राहत नाही. जी बोटं अजून हलतात ती वाचवता येतील. पण जो स्पर्श गेला तो परत येईलच, असं काही सांगता येत नाही.

"हाथ तो बचावी लईशुं," ती म्हणाली. हात वाचवू.

आणखी एक गोष्ट तिने शिकवली. बोटं सांगत नाहीत ते आता डोळ्यांनी बघायचं. गरम भांडं फडक्यानेच धरायचं, आणि रोज दोन्ही हात उजेडात धरून कुठे भाजलं, चिरलं, फोड आला का ते तपासायचं. हे आम्ही आजही करतो. रविवारी मी आईचे हात खिडकीशी ठेवून त्या कॅमेऱ्याने फोटो काढते, दोन्ही बाजूंनी, अगदी जवळून, आणि पडद्यावर मोठे करून आम्ही दोघी ते निरखतो. औषधाने तिचा रंग काळवंडलाय, तोही फोटोत आहे तसाच येतो. आई म्हणते, हा कॅमेरा जरा गोरं दाखवत नाही का? मोबाईलने काढ ना. मी नाही म्हणते आणि ती रुसते. पण त्या दिवशी हे सगळं पुढे होतं, आणि एक काम मागे राहिलं होतं.

डॉक्टरने मला विचारलं, "मम्मीने खबर छे ने?" आईला माहीत आहे ना? मी उत्तर जुळवत होते तोवर आईच मधे बोलली. तिला प्रश्न समजला होता. खुर्चीत नीट सरसावून, आपल्या चांगल्यातल्या गुजरातीत, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशी ती म्हणाली, "हा, मने रक्तपित्त छे."

डॉक्टर खूश झाली. तिने नर्सला हाक मारली. लोक वर्षानुवर्षं लपवतात, म्हणाली, आणि या मासी बघा कशा मोकळेपणाने सांगतात. नर्सनेही आईचं कौतुक केलं. आई लाजली, पदर सारखा केला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बाहेर व्हरांड्यात एका बाकावर आम्ही बसलो. मला तिथून निघून जाता आलं असतं. गोळ्या पित्ताच्या आहेत म्हणून चारल्या असत्या तरी तिने मुकाट घेतल्या असत्या. पण मग ती असंच सांगत फिरली असती, भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, देवळात, आणि माणसं एकेक करून तिच्यापासून उठून गेली असती, आणि तिला वाटलं असतं की सगळे किती मायाळू आहेत. ते मला सहन झालं नसतं. मी म्हटलं, माय, इथे रक्तपित्त म्हणजे आपलं पित्त नाही. आणि मग आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते सांगितलं. तो शब्द मी आधी कधी मोठ्याने उच्चारलेला नव्हता. बरं होतं, हेही लगेच सांगितलं, लागण होत नाही हेही सांगितलं, डॉक्टरचं सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. समोरून एक बाई मुलाला कडेवर घेऊन गेली तशी आई बाकावर माझ्यापासून थोडी दूर सरकली.

"म्हनजे बेनले मीच सांगं," ती शेवटी म्हणाली. "मन्हाच तोंडघाई."

हो, म्हणावं लागलं. स्वतःच्याच तोंडाने.

"आनि तिनी माले काई म्हनं नही." तिने मला एका शब्दानेही विचारलं नाही. मग ती कुणाकुणाची नावं पुटपुटायला लागली, जिथे जिथे ती हे बोलली होती ती माणसं. गिरणीवाला. खालच्या मजल्यावरची बाई. एका लग्नात भेटलेली बाई. त्या प्रत्येकाचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते तिला आता आठवत होतं आणि आता कळत होतं.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर मोठा रस्ता होता, बस, टेम्पो, रिक्षा, सगळं सुसाट. आई माझ्यामागे दोन पावलं अंतर ठेवून चालत होती. रस्ता ओलांडायला मी हात पुढे केला. तिने आपला पदराबाहेर काढला नाही. मीच आत हात घालून तिचा हात बाहेर ओढला आणि धरला. तिने एकदा सोडवायचा प्रयत्न केला, मग एक टेम्पो अगदी जवळून गेला आणि तिने माझा हात घट्ट धरला. फार घट्ट. किती जोर लावतोय हे तिच्या बोटांना समजत नव्हतं, त्यामुळे ती आवळतच गेली. माझी बोटं एकमेकांवर दाबली जाऊन हाडं कळवळली, डोळ्यांत पाणी आलं. तिने वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. आता तिला ते बघूनच कळणार होतं.

"मी जोरमा धरेल शे का व? दुखस का तुले?"

"नही," मी म्हणाले, आणि आम्ही रस्ता ओलांडला.